आंतरतारकीय मेघ आणि आपले खोडद

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त चेन्नईतील माजी विद्यार्थ्यांनी मैलापूर येथे भरविलेल्या मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित पाठ.)



आरंभीच एक कबुली देतो. मी खगोलशास्त्रज्ञ नव्हे. याच शहरातील एका महाविद्यालयात मी तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकविले, एवढाच माझा अधिकार. तरीही आकाशातील वायुमेघांवर बोलण्याचे मी मान्य केले, त्याला दोन कारणे आहेत. एक शाळेतील आहे आणि पन्नास वर्षांहून जुने आहे. दुसरे घरातील आहे आणि गेल्या वर्षीचे आहे.

शाळेतील प्रसंग असा. आम्ही आठवीत असताना भूगोलाच्या सरांनी शिवनेरीच्या पायथ्याशी आम्हांला एका रात्री आकाशदर्शनासाठी नेले. पावसाळा नुकताच सरला होता, आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. हंसापासून गरुडापर्यंत आणि तेथून खाली धनू राशीपर्यंत आकाशगंगेचा पट्टा पसरला होता. दुसऱ्या दिवशी सरांनी तो पट्टा वहीत काढावयास सांगितला. मी दौतीतली शाई संपेतो ठिपके दिले आणि पट्ट्याच्या मधोमध जी काळी चीर दिसली होती, ती जागा कोरी सोडली. सरांनी विचारले, "ही जागा का सोडलीस?" मी म्हणालो, "तेथे काहीच नाही, सर." ते म्हणाले, "नाही कशावरून? दिसत नाही, एवढेच म्हण."

त्या एका वाक्याचा अर्थ मला पुढे पदव्युत्तर वर्गात गेल्यावर कळला. आज त्याच वाक्याचा विस्तार आपणांसमोर करणार आहे.

आपण ज्या दीर्घिकेत राहतो, त्या आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे आहे. तिच्या केंद्रापासून आपला सूर्य सुमारे सव्वीस हजार प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे आपण या दीर्घिकेच्या बाहेर उभे राहून तिच्याकडे पाहत नाही, तिच्या पोटात बसलेलो आहोत. येथून जवळच कपालीश्वराचे मंदिर आहे. पंगुनी महिन्यातील उत्सवात त्याभोवतीच्या चार रस्त्यांवर माणसांचा समुद्र लोटतो. त्या गर्दीत खांद्याला खांदा लावून उभे असताना मिरवणूक केवढी लांब आहे, कोठे वळली आहे, हे सांगता येईल काय? समोरच्या माणसाची पाठ तेवढी दिसते. खगोलशास्त्रज्ञांची अडचण नेमकी हीच होती. आकाशगंगेच्या प्रतलात धूलिकण आणि वायू यांचे मेघ पसरलेले आहेत. ते ताऱ्यांचा प्रकाश अडवितात. आमच्या वहीतील काळी चीर म्हणजे ताऱ्यांच्या पुढ्यात आलेले हे मेघच. त्यांच्यामुळे काही हजार प्रकाशवर्षांपलीकडचे फारसे दिसत नाही आणि दीर्घिकेच्या एकूण रूपाचा थांग लागत नाही.

हे मेघ आहेत, हे तरी कसे कळले? आपण सर्वांनी लहानपणी मृग नक्षत्र पाहिले आहे. मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे खेड्यातल्या कोणत्याही आजीबाई दाखवू शकतात. त्यांतील पश्चिमेकडच्या ताऱ्याचा अभ्यास योहानेस हार्टमान हे जर्मन शास्त्रज्ञ १९०४ साली करीत होते. तो तारा वस्तुतः परस्परांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा समूह आहे. त्यामुळे त्याच्या वर्णपटातील रेषा ठरावीक काळाने अलीकडे-पलीकडे सरकतात. परंतु कॅल्शियमची एक बारीक रेषा मात्र जागची हलत नव्हती. ती त्या ताऱ्याची असती तर इतर रेषांबरोबर हलली असती. अर्थात ती त्याची नव्हती. तारा आणि आपण यांच्या मधल्या 'रिकाम्या' जागेत कॅल्शियमचा विरळ वायू होता आणि त्याने प्रकाशावर आपली खूण उमटविली होती. जिला आपण पोकळी म्हणतो, ती पोकळी नव्हे, याचा तो पहिला पक्का पुरावा.

येथे मैलापूरचे एक ऋण सांगणे माझे कर्तव्य आहे. या उपनगरात 'चंद्रविलास' नावाच्या घरात सुब्रह्मण्यन चंद्रशेखर वाढले. प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून पदवी घेऊन ३१ जुलै १९३० रोजी ते मुंबई बंदरातून इंग्लंडला निघाले. त्या सागरप्रवासात श्वेत बटूंच्या वस्तुमानाच्या मर्यादेविषयी त्यांनी केलेली आकडेमोड जगप्रसिद्ध आहे, आणि १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हेही सर्वश्रुत आहे. पण आजच्या विषयाशी निगडित असे त्यांचे एक काम कमी लोकांना ठाऊक असते. १९५० ते १९५२ या काळात ग्विदो म्यूंच यांच्या साह्याने त्यांनी आकाशगंगेच्या तेजातील चढउतारांची गणिती उपपत्ती मांडली. पट्टा सर्वत्र सारखा तेजस्वी नाही, कोठे उजळ तर कोठे मंद आहे. हे चढउतार निव्वळ अडथळा न मानता त्यांनाच माहितीचा स्रोत मानावयाचे, आणि तेज किती व कसे बदलते यावरून मधल्या मेघांच्या वितरणाचा अंदाज बांधावयाचा, ही ती दृष्टी. पुढे १९५३ साली एन्रिको फर्मी यांच्यासह त्यांनी दीर्घिकेच्या सर्पिल भुजांमधील चुंबकीय क्षेत्राचा अंदाज वर्तविला. ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहून हजारो पटींनी क्षीण असले, तरी त्या विरळ वायूच्या हालचालीवर त्याचा परिणाम होतो. आमच्या सरांनी एका आठवीच्या मुलाला जे सांगितले, तेच येथल्या एका सुपुत्राने समीकरणांच्या भाषेत जगाला सांगितले होते, असे मला वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. प्रकाश जर धुळीत अडतो, तर धुळीत न अडणारे काही हवे. ते हायड्रोजनने पुरविले. विश्वातील सर्वांत विपुल मूलद्रव्य हायड्रोजन. त्याच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. समजुतीपुरते त्यांना दोन भोवरे माना. दोन्ही भोवरे एकाच दिशेने फिरत असतील तर अणूची ऊर्जा किंचित अधिक असते, विरुद्ध दिशांनी फिरत असतील तर किंचित कमी. पहिल्या स्थितीतून दुसऱ्या स्थितीत अणू उतरला की ऊर्जेतील तो सूक्ष्म फरक रेडिओ तरंगाच्या रूपाने बाहेर पडतो. त्याची तरंगलांबी सुमारे २१ सेंटिमीटर आणि वारंवारता सुमारे १४२० मेगाहर्ट्‌झ.

या घटनेची दुर्मिळता ऐकून आपण थक्क व्हाल. एकटा सोडलेला अणू आपणहून असे उतरण्यास सरासरी एक कोटीहून अधिक वर्षे लावतो. शिवाय हे मेघ कमालीचे विरळ असतात. या सभागृहातील एक घन सेंटिमीटर हवेत जेवढे रेणू आहेत, त्यांची संख्या लिहायची तर पंचविसावर अठरा शून्ये द्यावी लागतील. आंतरतारकीय अवकाशात तेवढ्याच जागेत सरासरी एखादा अणू असतो. मग हा संदेश ऐकू तरी कसा यावा? येतो, कारण मेघांचा विस्तार अफाट आहे. शेकडो, हजारो प्रकाशवर्षे पसरलेल्या मेघांत अणूच इतके आहेत की प्रत्येक क्षणी त्यांतील असंख्य अणू हा तरंग सोडीत असतात. आणि धूलिकणांचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. एकवीस सेंटिमीटरच्या तरंगाला त्यांचा अडथळा जाणवतच नाही.

दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४४ साली, हेंड्रिक व्हान द हुल्स्ट या तरुण विद्यार्थ्याने हा तरंग सापडू शकेल असे भाकीत केले. तसा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला होता यान ऊर्ट यांनी. २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्ड येथे हॅरोल्ड यूएन आणि एडवर्ड पर्सेल यांना तो प्रत्यक्ष सापडला. त्यांचा अँटेना म्हणजे प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसविलेला, प्लायवूडचा आणि आतून तांब्याचा पत्रा लावलेला एक कर्णा होता. काही आठवड्यांतच नेदरलँड्समध्ये आणि ऑस्ट्रेलियात त्या शोधाला दुजोरा मिळाला. ऑस्ट्रेलियातील त्या शास्त्रज्ञांपैकी एकाचे नाव ख्रिश्चनसेन. हे नाव लक्षात ठेवावे. थोड्याच वेळात ते आपल्या कल्याणपर्यंत येणार आहे.

या तरंगाने दीर्घिकेचा आराखडा कसा मिळतो? जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढ्या सुरात आणि दूर जाणाऱ्या गाडीची उतरत्या सुरात ऐकू येते. त्याचप्रमाणे आपल्याकडे येणाऱ्या मेघाची वारंवारता १४२० हून किंचित वाढते, दूर जाणाऱ्याची किंचित घटते. एकाच दिशेने दुर्बीण रोखली की त्या रेषेवरचे निरनिराळे मेघ आपापल्या वेगानुसार वेगवेगळ्या वारंवारतांवर उमटतात. दीर्घिका कशी फिरते याचे गणित त्यास जोडले की कोणता मेघ किती अंतरावर आहे याचा अंदाज येतो. लायडन आणि सिडनी येथील वेध एकत्र करून ऊर्ट, कर आणि वेस्टरहाउट यांनी १९५८ साली आकाशगंगेतील हायड्रोजनचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात सर्पिल भुजांचे लांबच लांब पट्टे दिसत होते. गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला अखेर मिरवणुकीचा आकार कळला होता.

परंतु त्याहून मोठे आश्चर्य पुढेच होते. आपल्या सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे ४८ किलोमीटर वेगाने धावतो, तर नेपच्यून अवघ्या साडेपाच किलोमीटरने. वस्तुमान मध्यभागी एकवटलेले असले की दूरच्याची चाल मंदावते, असा गुरुत्वाकर्षणाचा नियम आहे. दीर्घिकेतही तसेच व्हावे अशी अपेक्षा होती. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतील तप्त वायूचे वेग मोजले. पुढे त्या दशकात मॉर्टन रॉबर्ट्‌स, आल्बर्ट बोस्मा आदींनी २१ सेंटिमीटर तरंगाच्या साह्याने ताऱ्यांची वस्ती संपते त्याच्याही पलीकडे जाऊन वेग मोजले. चाल मंदावत नव्हती. कडेचे मेघही जवळजवळ तेवढ्याच वेगाने फिरत होते. याचा अर्थ, दिसणाऱ्या ताऱ्यांच्या आणि वायूच्या कितीतरी पट अधिक असे काही अदृश्य द्रव्य दीर्घिकेला धरून ठेवीत आहे. त्यालाच आज कृष्णद्रव्य म्हणतात. ते कशाचे बनले आहे, हे कोडे अद्याप सुटलेले नाही. पण लक्षात घ्या, त्याची साक्ष तेजस्वी ताऱ्यांनी दिली ती अपुरी होती. पुरी साक्ष दिली ती कडेला, अंधारात फिरणाऱ्या थंड हायड्रोजनने. जे झळकते त्यावरून दीर्घिकेची शोभा कळते, बांधणी कळते ती न झळकणाऱ्या मेघांवरून.

आणि येथे आपल्या तालुक्याचा प्रवेश होतो. गोविंद स्वरूप हे १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात काम करीत असताना ख्रिश्चनसेन यांच्या सहवासात आले. तेथील निकामी ठरलेल्या छोट्या रेडिओ तबकड्या भारताला भेट मिळाल्या. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्यावर स्वरूपांनी १९६५ साली त्या मुंबईजवळ कल्याणला उभ्या केल्या. भारतीय रेडिओ खगोलशास्त्राचे ते बालपण. त्यानंतर हे कार्य या तमिळ भूमीत आले. उदकमंडलम् येथे, म्हणजे आपल्या उटीला, डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी रेडिओ दुर्बीण १९७० साली सिद्ध झाली. त्या डोंगराचा उतार सुमारे अकरा अंश आणि त्या स्थळाचा अक्षांशही तेवढाच. त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला आपसूक समांतर झाला आणि एकाच आसाभोवती फिरवून तासन्‌तास आकाशाचा मागोवा घेणे शक्य झाले. निसर्गाचा असा चतुर उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

तिसरा टप्पा खोडदचा. १९९० च्या दशकात महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, जिला सारे जीएमआरटी म्हणून ओळखतात, ती आपल्या शेतशिवारांत उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांपैकी चौदा मध्यभागी एकवटलेल्या आणि उरलेल्या सोळा इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन भुजांवर सुमारे पंचवीस किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या. तबकडीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नसून बारीक पोलादी तारांच्या जाळीचा आहे. वारा तिच्यातून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आटोक्यात राहिला. मी गाव सोडले तेव्हा परिसरात आर्वीचे विक्रम उपग्रह भू-केंद्र तेवढे होते, त्याची तबकडी पाहायला आम्ही सायकलींवरून जात असू. वीस-बावीस वर्षांनी परतलो तर कांद्याच्या आणि टोमॅटोच्या वावरांमधून या पांढुरक्या जाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या होत्या.

या दुर्बिणीने काय दिले? दोनच उदाहरणे देतो. एन.जी.सी. ३७४१ नावाची एक बुटकी दीर्घिका आहे. अयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी खोडदच्या आणि परदेशातील दुर्बिणींच्या वेधांवरून दाखविले की तिच्यातील हायड्रोजनची चकती तिच्या प्रकाशमान भागाच्या आठपटींहून अधिक दूरवर पसरली आहे. ताऱ्यांचा दिवा इवलासा आणि मेघांचे अंगण केवढे! दुसरे उदाहरण २०२० सालचे. आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे अतिक्षीण संदेश एकत्र करून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचे सरासरी प्रमाण मोजले. त्यावरून कळले की त्या काळातील दीर्घिका ज्या गतीने तारे घडवीत होत्या, त्या गतीने हा वायू १०० ते २०० कोटी वर्षांत संपला असता. एके काळी विश्वात ताऱ्यांची जन्मसंख्या विपुल होती आणि नंतर ती घटली. ती का घटली, याचे एक सबळ कारण येथे हाती लागले. इंधनच पुरेसे उरले नाही.

आता घरातील कारण सांगतो. गेल्या वर्षी गावी गेलो असता माझा पुतण्या मला म्हणाला, "काका, त्या दुर्बिणीपायी रेल्वे गेली. आम्हाला तुमच्या हायड्रोजनने काय दिले?" आपणांस ठाऊक असेलच की पुणे–नाशिक अर्ध-द्रुतगती लोहमार्ग नारायणगाववरून आखला गेला होता. तो दुर्बिणीच्या परिसरातून जात असल्याने वेधांना बाधा येईल, असा आक्षेप निघाला आणि मार्ग बदलण्याचे ठरले. तालुक्यात त्याविषयी नाराजी आहे. पुतण्या टोमॅटो पिकवितो. माल मुंबईला नेताना वाहतुकीचा किती खर्च बसतो, हे तो जाणतो. त्याचा प्रश्न अज्ञानातून आलेला नव्हता. मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक असूनही त्या क्षणी गप्प बसलो.

आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि ते अर्धेच आहे, हेही मला ठाऊक आहे. ८०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला २१ सेंटिमीटरचा तरंग विश्वाच्या प्रसरणामुळे ताणला जातो आणि आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याची वारंवारता सुमारे ७०० मेगाहर्ट्‌झ उरते. आपले मोबाइलही याच शेजारच्या वारंवारतांवर बोलतात. चंद्रावर एखादा मोबाइल चालू करून ठेवला, तर रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातील सर्वांत प्रखर उगमांपैकी एक वाटेल, इतके हे दूरचे संदेश क्षीण असतात. विजेवरील रेल्वेच्या तारेवर उडणाऱ्या ठिणग्यांतूनही असाच गोंगाट निर्माण होतो. तेव्हा खोडदला जी दुर्बीण आहे, तिचे खरे भांडवल पोलादाइतकेच तेथील शांततेचे आहे. पोलाद पुन्हा विकत घेता येते. गेलेली शांतता परत आणणे फार कठीण.

परंतु ही शांतता आपोआप टिकत नाही. ती परिसरातील गावे राखतात. दुर्बिणीचे निष्कर्ष जगभर वाचले जातात, तेथे शास्त्रज्ञांची नावे असतात आणि ती असणे योग्यच आहे. ज्यांच्या बांधाशेजारी ही जाळी उभी आहे आणि ज्यांनी काही सोयींवर पाणी सोडले, त्यांचे नाव मात्र कोठेच नसते. तेही आपल्या आकाशगंगेतील त्या थंड मेघांसारखेच, न झळकणारे आणि बांधणी सावरून धरणारे. त्यांना "विज्ञानासाठी त्याग करा" असा उपदेश चेन्नईत बसून करण्याचा मला अधिकार नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की शांततेची किंमत एका तालुक्याने मोजावी आणि लाभ साऱ्या जगाने घ्यावा, हा हिशेब बरोबर नाही. माल नेण्याची दुसरी चांगली सोय त्यांना मिळणे हा त्यांचा हक्क आहे. आणि त्या दुर्बिणीने काय ऐकले, हे त्यांच्याच भाषेत त्यांना कळणे हाही त्यांचा हक्क आहे.

या दुसऱ्या हक्काच्या बाबतीत आपली शाळा काही करू शकते. दर वर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते आणि शाळाशाळांतील मुले तेथे आपले प्रयोग मांडतात. पालकांना माझी विनंती आहे की मुलांना तेथे अवश्य न्यावे आणि त्यांच्याबरोबर आपणही जावे. माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की हीरक महोत्सवाच्या निधीतून शाळेसाठी काही करावयाचे असेल, तर एक साधी दुर्बीण आणि आकाशावरील चांगली मराठी पुस्तके यांचा विचार व्हावा. मराठी माध्यमात शिकून विज्ञान कसे जमणार, ही शंका मला अनेक पालक बोलून दाखवितात. मी स्वतः दहावी-अकरावीपर्यंत एकही वैज्ञानिक संज्ञा इंग्रजीत शिकलो नव्हतो. पुढे त्या संज्ञा सहा महिन्यांत पाठ झाल्या. पण "नाही कशावरून? दिसत नाही, एवढेच म्हण," हे वाक्य मला मातृभाषेत ऐकायला मिळाले, म्हणून ते आत रुजले.

येत्या दिवाळीत गावी जाणार आहे. पुतण्याला घेऊन रात्री मळ्यात बसायचे आणि ती काळी चीर त्याला दाखवायची, असे मी ठरविले आहे. त्याचा प्रश्न त्याने सुटणार नाही. पण त्याच्या रानाशेजारची जाळी कशाकडे कान लावून बसली आहे, हे निदान त्याला ठाऊक असेल, आणि मग आमचा वाद बरोबरीच्या नात्याने होईल.